पंधरा दिवस

रविवारी पावणेसातला सीवूड्सच्या खाडीबांधावर
आम्ही नऊ जण, दुर्बिणी चार.
पुढे वैजू म्हात्रे. तिचे आजोबा इथल्याच मिठागरातले,
म्हणून तिला चिखल वाचता येतो.
"तो शेकाट्या. बोट नका दाखवू, नुसतं बघा."

परतताना मी सहज म्हटलं,
गॅलरीत एक चिमणी
पिसं फुलवून बसते भर उन्हात.
हात नेला तरी उडत नाही.
माणसाळली बहुतेक.

वैजू थांबली.
"काकू, दाण्याचं भांडं शेवटचं कधी घासलंत?"

चौतीस वर्षं मी सिव्हिलच्या लॅबमध्ये
काचपट्ट्यांवर
परक्यांच्या थुंकीतले जंतू मोजले.
आणि घरी
बाजरीखाली विष्ठेचा थर,
त्यावर रोज नवी मूठ,
पुण्य म्हणून.

एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी.
प्रमाण हातांना आठवत होतं.
भांडं वाळवून माळ्यावर टाकलं.
पंधरा दिवस काही टांगू नका, म्हणाली होती,
पांगू देत त्यांना.

तिसऱ्या दिवशी मुनिया आल्या,
रिकाम्या हुकाला लटकून गेल्या.
मी पडद्याआड,
घरात माणूस असून दार न उघडणाऱ्या बाईसारखी.

ती चिमणी पुन्हा दिसली नाही.
बरी होऊन गेली असेल, असं शेजारच्या कर्णिक म्हणतात.
मी ऐकून घेते.

आज सोळावा. अर्धीच मूठ.
अंधार पडायच्या आत उरलेलं झाडून काढलं,
वहीत तारीख घातली.
लॅबमध्ये पट्टीवर नाव नसायचं, नुसता नंबर.
इथे नंबरही नाही.
लिहिलं: चिमणी, मादी,
डावा डोळा मिटलेला.