तिरपी रेघ

वंशू मारबते. चार वर्षं नऊ महिने.
उभी रेघ येते. आडवी येते.
फुली काढ म्हटलं की
अधिकाचं चिन्ह काढते
आणि माझ्याकडे बघते : झालं ना?

तिरप्या रेघेपाशी तिचा हात थबकतो,
धुऱ्यावरच्या वासरासारखा,
पाय उचललेला, खाली पाणी.
आणि तिच्या तर आडनावातच र आहे.

तिची आई दारातूनच विचारते,
"साकोलीच्या कॉन्व्हेंटातले पोरं
पानच्या पानं भरवून रायले जी,
आमच्याच पोरीची पाटी कोरी कायले?"
मी परात पुढे सरकवते,
माझ्या लग्नातली, भंडाऱ्याच्या पितळेची.
लाखोळी, उडीद, सीताफळाच्या बिया, सगळं मिसळलेलं.
"हे निवडते ती. हेच लिहिणं आहे सध्या."
आई हसत नाही.

मलाही पटायला वेळ लागला.
गुरुजींनी पाटीवर काढून दिलेला ग
मी इतक्यांदा गिरवला
की आत ग उरलाच नाही,
नुसता पांढरा ढीग.
अजूनही मानधनाच्या कागदावर सही करताना
अंगठा आखडतो माझा.

म्हणून पेन्सिली कपाटात आहेत,
पोषण आहाराच्या पाकिटांमागे.
आधी डोळ्यानं हाताला हाक मारावी,
हातानं ओ द्यावी,
मग बघू.
तोवर आम्ही ओलं फडकं पिळतो,
पळसाच्या पानाला काडी टोचतो,
अंगणवाडीच्या भिंतीवर
पाण्यात बुडवलेल्या कुंच्यानं मोठमोठे गोल काढतो.
ऊन ते पुसून टाकतं.
पोरांना त्याचं काही वाटत नाही,
पुन्हा काढतात.

रविवारी तलावाच्या पाळीवर
वंशूचे वडील जाळं विणत बसले होते.
बांबूची सुई, गाठ, ओढ, पुन्हा गाठ,
आणि नजर माझ्याशी बोलण्यात.
मी जाळ्याकडे बघत राहिले.
त्यात एक रेघ उभी नव्हती,
एक आडवी नव्हती.
नुसते शंकरपाळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
या पोरीच्या घरात
तिरप्या रेघा किलोनं टांगल्या आहेत
आणि मी खडू घेऊन हिंडते आहे!

फाटका तुकडा मागून आणला.
परातीत ओली रेती, वर जाळं, वर तिचा तळवा.
उचललं तर खाली सगळे शंकरपाळे.
"फिरव बोट त्यातून."
फिरवलं.
रेती सपाट केली.
"आता तू काढ."
अधिक.

मंगळवारी अधिक.
बुधवारी ताप, आलीच नाही.
गुरुवारी तिनं जाळं डोक्यावर घेतलं
आणि नवरी झाली.

काल परातीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
खिचडी खाली लागली होती,
मदतनीस रत्नकला चुलीशी भांडत होती,
बिसन स्वतःचं बटन स्वतः लावायचं म्हणून
अर्धा तास रडून झाला होता.
वंशू कोपऱ्यात, रेतीवर ओणवी.

एक वाकडी रेघ वरून निघाली,
एक खालून.
भेटल्या, तिथं थांबल्या नाहीत,
एकमेकींना ओलांडून
तिरप्या निघून गेल्या.

मी श्वाससुद्धा हळू घेतला.
"काय व हे, वंशू?"
"डाडक."
"आणि हे, मागचं?"
तिनं मान वर केली,
बाईला एवढंही कळू नये अशी.
"शेपूट नाई लागत का तिले?"

मग तिनं मासोळीला डोळा दिला.
बोट इतकं खोल रुतवलं
की रेतीतून पितळ चमकलं.