ओळ ७३१२

महापे. रात्रीचे पावणेदोन.
वॉचमन गोरखनाथ खाली झोपला असावा,
वर मी, एसी, आणि दोन याद्या:
एक जूनची, एक ऑगस्टची.
अकरा हजार चारशे नावं. गाव, सर्व्हे नंबर, गुंठे.
कर्डिले सर जाताना म्हणाले,
"सेमच आहेत गं, एकदा नजर टाक फक्त."

नजर कशाला टाकू? डिफ लिहिलं,
पुढं दोन्ही फाइलींची नावं, एंटर.
या कमांडचा स्वभाव मला पटतो:
सगळं सारखं असेल तर ती तोंडच उघडत नाही.
आमच्या घरी नेमकं उलट.

ती बोलली. थांबेचना.
प्रत्येक ओळ वेगळी म्हणे!
पोटात गोळा आला, मग हसू आलं:
कुणीतरी विंडोजवर उघडून सेव्ह केलेली,
ओळीओळीच्या शेपटीला एक न दिसणारं अक्षर.
ते झाडून काढलं. पुन्हा विचारलं.

आता एकाच जागी बोट:
दोन ओळींच्या जागी एक.

< कोंडू रामा भोईर, शेतकऱ्याचा वारस
< बेबीबाई धाऊ मढवी, गोठिवली, सव्वातीन गुंठे
---
> कोंडू रामा भोईर, शेतकऱ्याचा वारस

बेबीबाई गेली, हे कळलं.
पण कोंडू का? तो तर जसाच्या तसा.
चष्मा पुसला. तरी तसाच.
मग एकेक बाइट उलगडून पाहिला:
जूनचा ऱ अख्खा, तीन बाइटांचा;
ऑगस्टचा सहा.
आधी र, मग त्याच्या पायाशी वेगळा टिंब.
दुसऱ्या कीबोर्डचा, दुसऱ्या हाताचा ऱ.

म्हणजे असं झालं असेल:
बॅकस्पेस दाबून धरला,
बेबीबाई पुसली गेली, बोट उचललं नाही,
वरचा कोंडूही गेला,
आणि तो तेवढा घाईघाईनं परत लिहिला.

हात घसरला की वळवला
हे डिफ सांगत नाही. तिचं ते कामही नाही.

सरांना मेल केला: "सेम नाहीत."
खाली त्या चार ओळी जोडल्या, ऱसकट.

उजाडता कोपरखैरण्याला घरी आले.
आमच्या सेक्टरात सगळी घरं एका साच्यातली,
दूधवाला चुकतो म्हणून आईनं
दाराला पोपटी रंग दिलाय.
चावी हातात धरून मी रांगेतली दारं मोजली.
उगाच. बाराच भरली.
पुन्हा एकदा मोजली.