अर्धा

फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाच्या बाटलीमागे
पेन ठेवलंय, जुन्या चष्म्याच्या घरात.
बर्फाजवळ नको, केमिस्ट म्हणाला होता,
गोठलं तर फेकूनच द्या.
महिन्याचं वाणसामान आणि वर थोडं, एवढी त्याची किंमत.

या मंगळवारी बेंबीच्या डावीकडे.
गेल्या महिन्यात पाव होता डोस, आता अर्धा.
सुई इतकी बारीक की टोचल्याचं कळतं ते टकटकीवरून.
दहापर्यंत मोजून मगच काढायची.
आई लोकरीचे टाके अशीच मोजायची, ओठ न हलवता.

बुधवारी मळमळ. गुरुवारी आल्याचा तुकडा जिभेखाली.
शुक्रवारी तिसऱ्या आणल्या, खोबरं भाजलं,
मीठ हाताच्या सवयीने घातलं.
सगळ्यांनी ताटं पुसून खाल्लं.
माझे दोन घास झाले, आणि भूक
पाहुणीसारखी म्हणाली, पुरे हं, निघते.
चाळीस वर्षं उंबऱ्यावरून हलली नव्हती मेली.
आता दुपारी चार वाजता
भांडायलासुद्धा कुणी नाही घरात.

काल कन्नमवार नगरात लाईट गेली, पाच तास.
चष्म्याचं घर पदराखाली धरून
मिस्किटाबाईंकडे गेले, त्यांच्याकडे इन्व्हर्टर.
"फ्रिजमध्ये ठेवाल? डोळ्यांचे थेंब आहेत."
त्यांनी काही विचारलं नाही.
दार उघडलं.
लोण्याच्या डब्याशेजारी त्यांचेही थेंब,
निळ्या टोपणाचे.

"चहा घेणार? अर्धा?"
अर्धाच घेतला दोघींनी.
तोही उरला.