आठवं पान

सयाजीगंजात, दुसऱ्या मजल्यावर,
हसितभाईने काचेवर दोन खोकी ठेवली.
एकात सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, वेग सहा हजार,
अंगावर काळं चिलखत, कडेला दिवे.
दुसऱ्यात बत्तीस-बत्तीसच्या,
हिरव्या, उघड्या, वेग अठ्ठेचाळीसशे.
किंमत उन्नीस-बीस.
"दाभाडेसाहेब, आ तो उडे छे," तो म्हणाला.
बोट अर्थातच दिव्यांवर.

खिशात लाइटबिल होतं, मागची बाजू कोरी.
मूळ मशीनला चार.
पोरं सात, व्हर्च्युअल मशिनं सात, प्रत्येकी चार.
बेरीज बरोबर बत्तीस, म्हणजे आत्ता आहेत तेवढेच.
असली काठोकाठ बेरीज मला नको वाटते,
उचलायला गेलं की सांडते.

दांडिया बाजारात आमच्या आळीत श्रीपतकाका वाढायचे.
हाताला असा वेग
की मागून तूप येईपर्यंत भाताची वाफ मोडलेली नसायची.
पानं चाळीस मांडलेली, माणसं पंचावन्न.
उरलेले पंधरा भिंतीला टेकून
काकांची चपळाई बघत.
मी एकदा त्या भिंतीपाशी होतो, नऊ वर्षांचा.
माझी पंगत बसली तेव्हा मठ्ठा संपला होता.

पण खरं सांगायचं तर
दुकानात काका आठवलेच नाहीत.
आठवली मार्चमधली संध्याकाळ,
तांदळजाहून दोन रिक्षा बदलून, पॅकिंगची शिफ्ट संपवून
उशिरा पोचलेली नाझनीन.
सातही मशिनं चालू होती.
होईल गं, बस, म्हटलं,
आणि आठवं सुरू केलं.

मशीनला एवढं खोटं बोलता येतं.
ते सगळ्यांना आहे, आहे म्हणतं
आणि मेमरीतली पानं
(तिथेही पानंच म्हणतात)
एकेक उचलून गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवतं.
मग पंखा गुरगुरला.
डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून
नुसताच पेटून राहिला.
आठही पडद्यांवर कर्सर थिजले.
खालच्या फरसाणवाल्याच्या कढईत शेव पडल्याचा आवाज
इतका स्पष्ट मला कधी आला नव्हता.
पोरांनी वळून तिच्याकडे पाहिलं,
रागाने नाही,
जिथे अडलंय तिथे माणूस बघतो तसं.

"सर, मैं कल आती हूँ."
मी बरं म्हटलं.
दार लावताना तिने कडीचा आवाज होऊ दिला नाही.

हसितभाई अजून टक्के सांगत होता,
कुठल्या चाचणीत किती, कुठल्या खेळात किती.
सगळं खरं होतं.
"हिरव्या दे."
"एमां लाइट नथी," त्याने शेवटचं बजावलं
आणि पिशवी शोधायला खाली वाकला.

रात्री मला हाव सुटली.
जुन्याही ठेवू, चारही खाचा भरू, शहाण्णव होतील!
बोर्डाने मुकाट्याने वेग छत्तीसशेवर आणला.
जुन्या काढल्या, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवल्या.
चौसष्ट पुष्कळ झाले.

सकाळी अंगद पाटणकरने विचारलं,
"सर, नवीन टाकली ना? फरक काय पडला?"
आता आठ चालतात, म्हटलं.
"पण आपण तर सातच आहोत."

आठवं सुरू आहे.
चार जीबी, लॉगिनची चौकट,
नावाच्या पुढे कर्सर.
रिकाम्या बसलेल्या मशीनची मेमरी काढून
बाकीच्यांना वाटायची एक सोय असते,
बलून म्हणतात तिला.
चालू ठेवावी, मीच शिकवतो पोरांना.
त्या एका मशीनवर
मी ती बंद करून ठेवली आहे.