दोघींचा डाव

शुक्रवारी मशिदीतली गर्दी पांगली
की अमिहान गुदैबियाच्या आमच्या जिन्याने तीन मजले चढून येते.
लिफ्ट बंद आहे, ईदच्याही आधीपासून.
मी टेबलावर चादर चौपदरी घालते
म्हणजे खालचा मास्तर झाडूच्या दांड्याने छत ठोकत नाही.

पेटी धैर्यवान बाईंची.
गुडघे बदलायला त्या ठाण्याला गेल्या,
म्हणाल्या, महिन्याचा प्रश्न, ठेव तुझ्याकडे.
फिलोमिना कॅनडाहून बर्फाचे फोटो पाठवते.
पाच वर्तुळांची एक सोंगटी कुणाच्या तरी निरोपाच्या जेवणात हरवली,
कोऱ्या सोंगटीवर अमिहानने नेलपॉलिशचे पाच ठिपके दिले.
ती आता न बघताही अंगठ्याला कळते.

चौघींचा खेळ दोघींत बसवायला एक उन्हाळा गेला.
भिंती चारच ठेवल्या, एकेकीने दोन बांधायच्या.
चाव बंद, पुंग चालेल.
गुणांसाठी खजुराच्या बिया, धुऊन गच्चीवर वाळवलेल्या.
चौघी होतो तेव्हा टाकलेलं कुणाच्याही नशिबाला जायचं.
आता मी टाकते ते फक्त तिला,
आणि माझ्याकडे नाही ते तिच्याकडे
नाहीतर भिंतीत.
लपवायला जागाच नाही म्हणा ना.

तरी एक गोष्ट मी तीन आठवडे
चेहरा माझ्याकडे, पाठ तिच्याकडे
अशी उभी धरून बसले आहे:
दवाखान्याचं पत्र. करार वाढवता येत नाही.
घर तीस तारखेला रिकामं.

बाहेर कालपासून शमाल सुटलाय.
एसीच्या फटीतून वाळू येते,
सोंगट्यांवर बसते, बोटांना बारीक रव्यासारखी लागते.
शमाल म्हणजे उत्तर, हे मला पहिल्याच महिन्यात
विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याने सांगितलं होतं.
अमिहान म्हणजेही वारा, तिच्या बेटांवरचा,
हे कळायला अकरा वर्षं लागली,
तेही विजेच्या बिलावर बोलता बोलता.

मी उत्तर टाकते.
"पुंग," ती म्हणते. पण उचलत नाही.
माझ्याकडे बघते, मग कोपऱ्यातल्या दोन बॅगांकडे,
ज्यांच्यावर मी टॉवेल पसरून ठेवलेत.
आमच्या दोघींच्या त्या मोडक्या हिंदीत विचारते,
एकटीने खेळायचा पण प्रकार असतो का याचा?

असतो, मी म्हणते. फोनवर.
त्याला आवाज नसतो.

ती मान हलवते.
माझी उत्तर उचलून आपल्या दोन उत्तरांशेजारी
उघडी मांडते, कडा जुळवते, पुन्हा जुळवते.
मग बराच वेळ एका सोंगटीवर अंगठा फिरवते
आणि टाकते
नेलपॉलिशची पाच.

मला तीच हवी होती. तिच्यावर माझा डाव सुटतो.

मी हात मांडीवर ठेवते.
भिंतीत अजून बावीस जोड्या आहेत.