वजा आभाळ

एक डोळा चाळीस अंश खाली, पाण्याकडे.
दुसरा चाळीस अंश वर, आभाळाकडे.
सूर्याकडे पाठ, पण पुरती नाही,
थोडं तिरकं उभं राहायचं,
म्हणजे बोटीची सावलीही नको
आणि लाटांवरचं ऊनही नको.

"बघतेस तरी काय?" आदू विचारतो.
किहनू बेटाचा म्हातारा. बोट त्याची,
डिझेल संस्थेचं.

पाणी दाखवतं ते सगळं पाण्याचं नसतं, मी सांगते.
वरवर आभाळ पडलेलं असतं,
शंभरात जेमतेम तीन भाग.
तेही वारा निजलेला असेल तर.
वारा उठला की लाटांचे आरसे
कुठलं कुठलं आभाळ गोळा करून आणतात,
मग तिनाचे किती झाले
ते छातीठोक कुणीच सांगत नाही.
तेवढं वजा करायचं.
उरेल तो पाण्याचा स्वतःचा रंग.

तो राईच्या पावावर खारा मासा ठेवतो.
"आणि काही उरलंच नाही तर?"

तेच झालंय. तीन दिवस.
इथलं पाणी दलदलीतून येतं, कोऱ्या चहासारखं,
निळा उजेड आत गेला की
क्वचितच परततो.
ढग तर थांबायला तयार नाहीत:
मी वर मोजते ते एक आभाळ,
पाण्यात पडलेलं दुसरंच.
रात्री आलेख काढला,
निळ्याच्या टोकाला रेघ शून्याखाली गेलेली.
उणे उजेड.
तो कुणाला दाखवू, कुठे धरून?
उणंदुणं काढायची माझी सवय जुनीच,
पण पाण्याकडे नव्हतं तेवढंही
मी त्याच्याकडून काढून घेतलं.

आदू हात पुसतो.
फळीखालून बादली काढतो, बूड कापलेली,
आतून डांबर फासलेली. बापाची, म्हणतो,
हरवलेली जाळी शोधायची.
कड पाण्यात दाबतो. "ये."

मी ओणवी होते, तोंड बादलीत.
डांबराचा वास. कानात माझाच श्वास.
आभाळ कुठेच नाही.
गडद मधासारखा एक तुकडा,
त्यात हलणारं शेवाळ,
आणि एक दगड, ज्याला कुणी
आजवर काही विचारलेलं नाही.

वर येते. गालावर कडेचा वळ.
वही उघडते, अकरा बेचाळीस,
वारा चार, ढग अर्धे.
यंत्र बादलीत बसवता येईल.
पण बादलीची सावली पडेलच आत,
तीही धरायला हवी हिशेबात.

या खेपेला अधिक करायचं.

आदू बादली निथळत धरून उभा आहे.
किती, ते मला अजून माहीत नाही.