आर्डव्हेरनचं बटण

बाई आल्या त्या दिवशी अष्टमी, भांगाचं पाणी.
दिवाळ्याच्या जेट्टीवर टॅक्सीतून उतरल्या,
सत्तरी उलटलेल्या, हातात काठी, गुडघ्यापर्यंत मोजे,
बगलेत कातडी बांधणीची वही,
जिच्यात त्यांच्या घराण्याचे अकरा दर्यावर्दी निजले होते.

माझा पुतण्या जयदास दुभाष्या. तो सांगत गेला:
काका, हे आर्डव्हेरनचे अर्ल.
स्कॉटलंडात यांचा किल्ला आहे, वर छप्पर नाही.
दर पिढीला एक पोरगा राजाच्या आरमाराला द्यायचा,
आपल्यात खंडोबाला वाहायचे तसा.
कुणी बर्फात गोठला, कुणी जहाजासकट जळाला,
एकाची नुसती दुर्बीण घरी आली.
सगळ्यांची चित्रं भिंतीवर, सगळ्यांच्या मागं काळं आभाळ.

आणि हा ह्यू. वय सतरा.
याचं चित्र काढायचं राहून गेलं.
वहीत एकच ओळ:
बेलापूरच्या गडापुढं, तोफांच्या माऱ्यात, पाठ न दाखवता.

मी पाग सांधत होतो. सुई थांबली.

कारण ही गोष्ट आमच्याकडंही आहे.
फक्त तिच्यात तोफ नाही.

पोरांनी एकटं चिखलात उतरू नये
म्हणून सांगतात ती आमच्यात:
एक गोरा होता, मिसरूड न फुटलेला.
गलबत बाहेर नांगरलेलं, वाऱ्याची वाट बघत.
गडावरची माणसं आदल्या रात्रीच निघून गेलेली.
लढाई नव्हती. दुपार होती.
अवसेची ओहोट, पाणी पार मागं सरलेलं,
आणि त्यानं बघितला निवटा, चिखलावर चालताना.
मासा, आणि चालतो!
हसत हसत होडीतनं उतरला.
पायात बूट.

चिखल आधी गुडघा मागतो, मग मांडी.
धडपडेल त्याला लवकर घेतो.
आमचा हिरा नाखवा फळीवर आडवा झाला,
एका पायानं चिखल रेटत निघाला, ओरडत,
‘हलू नको रं, हलू नको!’
त्या पोराला कुठली कळणार आमची भाषा?
हिरा पोचला. त्याच्या आधी भरती पोचली होती.

फळीला बांधून त्यानं त्याला गलबतावर नेलं.
पुढं कप्तानानं त्याच्या आईला पत्र लिहिलं असेल,
त्यात तोफ घातली असेल,
मासळीला मीठ लावतात तशी, नासू नये म्हणून.

हिराच्या मुठीत एक बटण राहिलं. पितळी, वर नांगर.
शिशाची गोळी कमी होती, पागाच्या घोळाला तेच ओवलं.
पाग फाटला की बटण नव्या पागात.
बापाकडून लेकाकडं. आमच्या भिंतीवर चित्रं नाहीत.

‘काका, सांगू यांना?’ जयदासनं विचारलं.
मी काय बोलणार होतो, देव जाणे.
तेवढ्यात बाई हसल्या.
जेट्टीखाली एक निवटा पंखांवर रेलून
त्यांच्याकडंच बघत होता.
काहीतरी म्हणाल्या, पोरीच्या आवाजात,
आणि पायरीवरून काठी पुढं टेकली,
मग एक पाय.

मी दंड धरला. जोरात धरला. सुई खाली पडली.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.
मग काठीकडं. ती अर्धी आत गेली होती,
आवाज न करता.
मग वहीकडं.
‘किती खोल?’ एवढंच विचारलं.
मी हात गळ्यापाशी नेला.

बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या.
पलीकडं भरावाची डंपरं ये-जा करत होती.
वही उघडली, पेन्सिल काढली.
तोफ खोडली नाही.
कडेला एक मासा काढला, त्याला पाय काढले.

बटण मी सुरीनं कापून दिलं. त्यांनी पुसलंही नाही,
चिखलासकट मोज्यात सारलं.

आता पाग टाकला की एका जागी उचलतो.
एखादं बोईट तिथनं निसटतं.
शिसं घरात पडलंय पुष्कळ.
लावीन कधीतरी.